तीन लांब टीट

सोमवार, ३ तारीख

आजपासून वही. हौस म्हणून नाही, फोरमनसाहेबांचा हुकूम आहे. म्हणाले, "परीक्षेत शेवटी बिघाडाचा अहवाल लिहायचा असतो. तोंडानं सांगायचं म्हटलं तर तू रेडिओ आहेस, पण हातात पेन दिलं की मुका होतोस. रोज काहीतरी लिहीत जा." त्यांची पद्धत ठरलेली आहे. काय झालं, काय पाहिलं, काय केलं. शिवाय दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

परीक्षा इशारेवाल्याच्या कार्डाची. आमच्या आवारात पाइपांचे घराएवढे ढीग आहेत आणि वरून क्रेन फिरते. खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं सांगायचं, उचल, थांब, डावीकडे घे, हळू सोड, हे माझं काम. आतापर्यंत कार्ड नसलं तरी चालायचं. पुढच्या महिन्यापासून बिनकार्डाच्या माणसाला क्रेनखाली उभं करणार नाहीत. परीक्षा २६ला, तीही कॉम्प्युटरवर. मी सातवी नापास. एका जागी अर्धा तास बसलो की मला मुंग्या चावायला लागतात. आधीच्या पाच नोकऱ्या या मुंग्यांनीच खाल्ल्या. ही सहावी टिकली ती दाजींमुळे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. क्रेन तेच चालवतात. घरापासून इतक्या लांब आम्ही दोघं एका खोलीत राहतो, ताई आणि भाची तिकडे घरी. तीन वर्षांपूर्वी दाजींनीच मला इथं आणलं. दीड वर्षापूर्वी कुठून तरी लाल हातमोजे आणून दिले आणि म्हणाले, "हे घालशील तोवर तू माझा माणूस. बिनमोज्याचा दिसलास तर मेव्हणा असलास तरी उचलून ढिगावर ठेवीन." परीक्षेसाठी कॉम्प्युटरही त्यांनीच आणला, ऑफिसनं मोडीत काढलेला. दुकानवाल्याकडून त्यात सरावाचे प्रश्न भरून घेतले.

तो आज सुरू झाला नाही. दाजी सहाला निघतात, क्रेन तपासायला. मी सातला. मधला एक तास अभ्यासाचा. बटण दाबलं, आतला पंखा फिरला आणि एकदम टीट, टीट, टीट. तीन लांब. थोडं थांबून परत तीन. मी खुर्चीवरून उडालोच. पडदा काळा ठार.

काय झालं: सुरू नाही. काय पाहिलं: काळं. काय केलं: पळालो, सात वाजले होते.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी पुन्हा तीन टीट. संध्याकाळी दाजींना सांगितलं, कॉम्प्युटर मेला. ते बूट काढत होते. म्हणाले, "मरतोय कशाला. आधी दूध घेऊन ये, चहा होऊ दे, मग बघू."

दूध घेऊन आलो तर कॉम्प्युटर सुरू! मी पिशवी हातात घेऊन दारातच उभा.

"काय केलंत?"

"काही नाही. हात लावला."

"मी काय पाय लावला होता?"

"माझ्या हाताला गुण आहे आणि तुझ्या बुडाला मुंग्या. बस आता अभ्यासाला."

बसलो. प्रश्न मी मोठ्यानं वाचायचे आणि दाजींनी ऐकायचं, असा त्यांचा नियम आहे. म्हणतात, मोठ्यानं वाचलं की डोक्यात राहतं. अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून ठेवली आहेत की एका प्रश्नासाठी तीनदा खाली सरकावं लागतं. लहान करतो म्हटलं तर म्हणाले, घाई करणाऱ्याला हीच शिक्षा.

त्यांची एक वाईट सवय मात्र लिहून ठेवतो. चहा ओतताना कपाच्या आत बोट धरतात. "दाजी, भाजत नाही का?" म्हटलं तर म्हणाले, "क्रेनवाल्याची कातडी आहे." म्हटलं, कातडी असू दे, माझ्या कपात नको.

बुधवार, ५ तारीख

माझी सुट्टी. दाजींची गुरुवारी असते. ठरवलं होतं, आज दिवसभर सराव. दाजी गेले, बटण दाबलं, तीन लांब टीट.

मग साहेबांच्या पद्धतीनं गेलो. वायर काढून घातली: तेच. दुसरं सॉकेट: तेच. पडद्याची वायर घट्ट केली: तेच. कळफलक काढून बघितला: तेच. दहा मिनिटं बंद ठेवला, मीही बाहेर चकरा मारल्या: तेच. दुकानवाल्याला फोन केला. त्यानं डॉक्टर जीभ काढायला सांगतो तसं सांगितलं, "मला टीट ऐकवा." फोन कॉम्प्युटरजवळ धरला.

"रॅमची पट्टी नीट बसलेली नाही. बाजूचं झाकण उघडा, वीतभर लांबीची हिरवी पट्टी असेल, ती काढा, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा आणि परत दाबून बसवा. आधी वायर काढा बरं का, नाहीतर उद्या तुमची बातमी यायची."

झाकण उघडलं. आत इतकी धूळ की मांजर लपेल. लांब फटी दोन दिसल्या, पण पट्टी काही दिसेना. म्हटलं, आत खोल गेली असेल. फटीतच खोडरबर घालून घासत बसलो. तेवढ्यात मागून जोरात आवाज आला, "हात काढ!"

दाजी. डबा विसरले म्हणून जेवणाच्या सुट्टीत आले होते. तीन वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते. ताईवर नाही, भाचीवर नाही. चेहरा पांढराफटक. माझ्या हातून खोडरबर पडला.  मग तेच हसले, म्हणाले, "शॉक लागला असता गाढवा. तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं?" झाकण त्यांनीच लावलं. स्क्रू बोटांनी चाचपून चारही बरोबर बसवले, खाली बघितलंसुद्धा नाही. माणसाचा हात बसलाय.

संध्याकाळी मला पाव आणायला पाठवलं. आलो तर कॉम्प्युटर सुरू.

माझं डोकं चालेनासं झालं आहे.

शनिवार, ८ तारीख

काल दाजींनी सहा पाइपांचं जुडगं हातभर जास्त खाली सोडलं. मी थांबचा हात केला होता. ढीग हलला, सगळे पळाले, साहेब धावत आले. दाजी वरून ओरडले, "सूर्य डोळ्यात गेला." साहेब म्हणाले, "सूर्याला पण कार्ड काढायला सांगा." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा ढगाळ होतं, हे मला आता लिहिताना आठवलं.

क्रेनबद्दल एक लिहायचं राहिलं. तिच्या किल्लीचं कुलूप कधीच मोडलंय. म्हणून नियम असा की खाली उतरताना क्रेनवाल्यानं खोपटातला, म्हणजे वर तो बसतो त्या केबिनमधला, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. फ्यूज नाही तर क्रेन नाही, मग मागं कुणी चढून चाळे करू शकत नाही. दाजी तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवतात. आंघोळीला जातानासुद्धा रुमाल उशीखाली. साहेब नव्या माणसांना त्यांचं उदाहरण देतात.

बुधवार, १२ तारीख

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मलाच उलगडायचं नाही.

सकाळी तीन टीट. मी चिडून कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर घेतला आणि दुकान गाठलं. दुकानवाल्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अहो, यात रॅमच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चूल आहे, भांडं आहे, लाकडं नाहीत. कुणीतरी पट्टी काढून नेलीय."

 चोर! खोलीत येतो, फक्त पट्टी नेतो? आणि संध्याकाळी परत आणून लावतो? दुकानवाला म्हणाला, असा चोर मिळाला तर मला पण एक द्या. त्यानं त्याच्याजवळची एक जुनी पट्टी बसवली, त्याचा पडदा जोडला. एकच छोटा टीट झाला आणि सुरू. "एक छोटा म्हणजे तब्येत ठणठणीत," म्हणाला.

चालतंय का बघायला त्यानं शेवटचं बघितलेलं चित्र परत उघडलं. इंग्रजी अक्षरांचा तक्ता. एच, एन. खाली डी, एफ, व्ही. खाली आणखी. चित्र इतकं मोठं केलेलं की एका वेळी एकच अक्षर मावेल. दुकानवाल्यानं ते बारीक करत नेलं. पूर्ण तक्ता दिसला, वर मोठी अक्षरं, खाली लहान होत गेलेली. तो चित्राकडे बघतच राहिला.

"घरात कुणाच्या डोळ्यांना त्रास आहे?"

"छे. दाजींचा कॉम्प्युटर आहे. ते क्रेन चालवतात, घारीचे डोळे आहेत."

त्यानं चित्र बंद केलं. पट्टी असू द्या म्हणाला, "आणि दाजींना म्हणावं, सवडीनं मला येऊन भेटा."

वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाजी चोरून इंग्रजी शिकताहेत! मी बघू नये म्हणून लपवाछपवी. एवढ्या मोठ्या माणसाला एबीसीडी येत नाही याची लाज. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

ते संध्याकाळी आले तेव्हा कॉम्प्युटर सुरू होता. दारातच थबकले. त्यांचा हात सरळ शर्टाच्या खिशावर गेला. मी म्हटलं, "दाजी, रुमाल दाखवा." काढला. आत क्रेनचा फ्यूज आणि त्याच्या शेजारी हिरवी पट्टी, सोनेरी दातांची.

माहीत असूनही मला धक्का बसला. म्हटलं, "मला कुलूप लावलंत? मी काय परका आहे?"

"तसं नाही रे. तू खेळच खेळत बसशील म्हणून..." त्यांना पुढं जुळवता येईना. "मला ते पासवर्डचं कुलूप लावता येत नाही. फ्यूज काढता येतो."

मग मीच म्हटलं, "दाजी, मला कळलंय. तक्ता बघितला मी. त्यात लाजायचं काय? मी सातवी नापास आहे, तुम्ही माझ्यासमोर लाजता?"

ते किती तरी वेळ माझ्या दिशेला बघत राहिले, पण थोडं बाजूला, माझ्या कानाकडे. मग खाली बसले. म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." म्हटलं, "उलट मी पाठ करून घेतो तुमच्याकडून. म्हणा."

आणि त्यांनी म्हटला! डोळे मिटून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, एकही चूक नाही. उलटा म्हणून दाखवला. मधली पाचवी ओळ विचारली, तीही. मी टाळ्या वाजवल्या. मला सुद्धा निम्मा पाठ झाला.

गुरुवार, १३ तारीख

ताईला फोन केला. दाजींचा शब्द मोडायचा नव्हता, पण राहवलं नाही. म्हटलं, तुझा नवरा या वयात एबीसीडी शिकतोय.

ताई म्हणाली, "काहीतरीच काय! ते दहावी पास आहेत. लग्न ठरल्यावर मला पत्रं लिहायचे, मधे मधे इंग्रजी पेरून. त्या अक्षरालाच भुलले मी." मग जरा थांबून विचारलं, "पत्र लिहायचं का सोडलं रे त्यांनी? हल्ली नुसता फोन करतात."

म्हटलं, वेळ कुठं असतो. मनात म्हटलं, बायकोसमोर कोण कबूल करतं. पत्रं मित्राकडून लिहून घेतली असतील.

मंगळवार, १८ तारीख

दाजी झोपल्यावर लिहितोय.

आज वर्षाची तपासणी होती. ऑफिसात डॉक्टर येतात, क्रेनवाले आणि इशारेवाले यांचे डोळे तपासतात. गेली दोन वर्षं मला बोलावलं नव्हतं, कार्डाच्या अर्जामुळे या वर्षी बोलावलं. दाजी आत, मी दारात पुढच्या नंबरला. डॉक्टरांनी भिंतीवर तक्ता लावला होता.

एच, एन. डी, एफ, व्ही.

तोच तक्ता. मी दारातून एक पाऊल आत गेलो. काय खटकतंय ते मात्र कळत नव्हतं.

दाजींनी पुठ्ठ्यानं एक डोळा झाकला आणि वाचायला लागले. तोच चढउतार, बुधवारी माझ्यासमोर म्हणताना होता तोच. डॉक्टर मान खाली घालून रजिस्टरात आकडे भरत होते, नुसते "हं, हं" करत होते. तेवढ्यात टेबलावरचा पंखा फिरून त्या बाजूला आला. तक्ता एका खिळ्यावर लटकलेला. वाऱ्यानं उचलला आणि उलटा झाला. मागची बाजू पुढं आली.

पांढरी. कोरी.

दाजी कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघून शेवटची ओळ वाचत होते. एकही चूक नाही.

डॉक्टरांनी मान वर केली तोवर ते वाचून झालं होतं. "छान," म्हणाले. "हा तक्ता सरळ करा रे कुणीतरी." मी केला. माझा नंबर आला. मला सगळी अक्षरं दिसत होती आणि तोंडातून एकही फुटत नव्हतं.

बुधवार, १९ तारीख

सुट्टी. दिवसभर खोलीत. मुंग्या नाहीत. एका जागी तीन तास बसलो, आयुष्यात पहिल्यांदा.

कॉम्प्युटर सुरू केला. तो लगेच झाला. बंद केला. आता सगळं आपोआप समोर येतंय आणि मला नको आहे. कपातलं बोट. मोठ्यानं वाच. लाल हातमोजे. ढगाळ दिवसाचा सूर्य. माझ्या कानाकडे बघणं. मी त्यांना इंग्रजी शिकवायला निघालो होतो. टाळ्या वाजवल्या मी!

संध्याकाळी ते आले. मी दूध आधीच आणून ठेवलं होतं, म्हणजे त्यांना मला बाहेर पाठवता येणार नाही.

"दाजी, तक्ता उलटा झाला होता काल."

ते बूट काढता काढता थांबले. "कधी?"

"तुम्ही शेवटची ओळ म्हणत होतात तेव्हा."

एका पायात बूट तसाच. मग म्हणाले, "डॉक्टरनी बघितलं?"

"मी बघितलं. किती दिसतं तुम्हाला?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. जिथं बघायला जावं तिथं धूर. तू समोर बसलास की तुझे कान दिसतात, तोंड नाही. तोंड बघण्यासारखं नाही म्हणा, तेवढा फायदा."

मला हसू आलं नाही. ते म्हणाले, "दीड वर्ष झालं. उपाय नाही म्हणतात. पण तुझे लाल हात दिसतात ना मला. उचल म्हणालास उचललं, थांब म्हणालास थांबलो. दीड वर्षात एक पाइप पडला का? तुला कार्ड मिळू दे, माझ्याखाली कायम तूच राहशील. पोरीची शाळा अजून दोन वर्षं आहे. मग मीच उतरेन. तोवर कुणाला सांगणार नाहीस, शपथ घे."

मी शपथ घेतली. त्यांची मान खाली होती, ती मला बघवेना. त्यांचा हात धरून घेतली.

हे बरोबर की चूक ते मला कळत नाही. साहेबांची पद्धत इथं चालत नाही. एकच गोष्ट बदलायची म्हटलं तर कुठली?

शुक्रवार, २१ तारीख

रंगवाला थोडक्यात वाचला.

रंगवाला म्हणजे पाइपांची टोकं लाल रंगानं रंगवतो तो. गप्पिष्ट माणूस, सकाळीच मला म्हणाला होता, "परीक्षेत पास झालास तर तुझं पण टोक रंगवीन." दुपारी मी साखळी बघायला ढिगाच्या मागं वाकलो. हात खाली. जुडगं त्याच्या डोक्यावरून जात होतं, वर, लांब. त्याला गेटवरून कुणीतरी हाक मारली. त्यानं ओळख द्यायला हात वर केला आणि 'येतो, येतो' म्हणून खाली हलवला.

त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

जुडगं खाली यायला लागलं. मी ओरडलो, वर ऐकू जात नाही. धावत मोकळ्यात आलो आणि थांब म्हणून दोन्ही हात वर केले. दाजींना आता चार लाल हात दिसत असतील. जुडगं थांबलं तेव्हा रंगवाला आणि पाइप यांच्यात त्याच्या टोपीएवढी जागा होती. टोपी खाली पडली होती.

साहेब आले. रंगवाल्यालाच झापलं. क्रेनखाली हातवारे केलेस, चार दिवस घरी बस. तो बिचारा म्हणत होता, "साहेब, मी फक्त हात केला. रंग होता हो हाताला." वर दाजी खोपटात, हालचाल नाही.

मी उभा होतो. शपथ घेतलेला माणूस. रंगवाला माझ्यासमोरून टोपी झटकत गेला आणि जाताना मलाच म्हणाला, "तू ओरडलास म्हणून वाचलो रे, दादा."

दादा म्हणाला मला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे.

शनिवार, २२ तारीख

काय झालं: आज क्रेन सुरू झाली नाही.

हे एवढंच साहेबांच्या बिघाडाच्या वहीत सकाळी होतं. बाकीचं इथं लिहितो.

पहाटे दाजी आंघोळीला गेले.  काल रात्री ते जेवले नव्हते. उशी उचलली, रुमाल उघडला. पट्टी ठेवली, फ्यूज घेतला. रुमालात वजन कळावं म्हणून त्या जागी माझा खोडरबर घातला.  चोरी मी लहानपणी केलेली आहे, पण अशी नाही.

मीही सहालाच गेलो त्यांच्याबरोबर.  ते शिडी चढले. चाळीस पायऱ्या, हातांनी मोजत. मी खाली मधोमध, लाल हात खाली सोडून. वर रुमाल उघडल्याचं मला दिसलं. मग काहीच नाही. किती तरी वेळ. मला वाटलं वाकून ओरडतील, शिव्या घालतील. साहेब आले, "काय रे, का बंद?" म्हटलं, "सुरू होत नाही."

दाजी खाली उतरले. माझ्यासमोर आले, मूठ उघडली, खोडरबर दाखवला.

"हा तुझा."

मी हातमोजा काढून फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटांनी चाचपला त्यांनी. तो परत मिळाला होता. शिडी मागंच होती. मनात आणलं असतं तर चढून सुरू करता आली असती. मी शिडीकडे बघत उभा.

साहेब म्हणाले, "हा काय पोरखेळ चाललाय? सांग की रे." मी तोंड उघडलं. रेडिओ बंद. तोंड नुसतं हलत होतं.

दाजी म्हणाले, "साहेब, त्याला वही द्या. त्याला तोंडानं जमायचं नाही, रडेल." आणि मला म्हणाले, "लिही. सगळं लिही. कोरा तक्ता पण."

ड्रमवर वही ठेवून उभ्या उभ्या लिहिलं.

काय झालं: काल जुडगं चुकीच्या इशाऱ्यावर खाली आलं. रंगवाल्याचा दोष नाही. काय पाहिलं: क्रेनवाल्याला मधलं दिसत नाही. तपासणीत तक्ता उलटा कोरा होता तरी त्यांनी वाचला. मला मंगळवारपासून माहीत होतं. काय केलं: फ्यूज काढला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. डोक्यावरचं हेल्मेट काढलं. वर हुकाकडे बघितलं, मग खाली, जिथं आम्ही सगळे रोज उभे असतो तिथं. "किती दिवस?" "दीड वर्ष," दाजी म्हणाले. साहेबांना बाजूच्या पाइपावर बसावं लागलं. बसूनच म्हणाले, रंगवाल्याला बोलवून आणा.

खाली दोघांची सही लागते. मी केली. दाजींनी पेन घेतलं आणि विचारलं, "कुठं करू?"

आतापर्यंत पगाराच्या कागदावर, रजिस्टरात, कुठंही त्यांनी हे विचारलं नव्हतं. अंदाजानं ठोकायचे. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. सही अजून देखणी आहे. ताई खोटं बोलत नव्हती.

फ्यूज त्यांनी साहेबांकडे दिला. म्हणाले, "पुढच्या माणसाला सांगा, उजवा दांडा जरा जड आहे."

दुपारी खोलीवर आलो. ताईला फोन त्यांनीच केला, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. फोन बराच वेळ चालला. आत आलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे सुजलेले. मला वाटलं आता म्हणतील, शपथ मोडलीस, चालता हो. त्यांनी रुमाल पुढं केला. आत एकटी पट्टी.

"ही लाव त्या दुसऱ्या फटीत. बुधवारी परीक्षा आहे तुझी."

"लावायला तुम्हीच या. तुमच्या हाताला गुण आहे."

"गुण कसला, गाढवा," म्हणाले, पण आले. मी झाकण काढलं. त्यांनी बोटानं फट शोधली, पट्टी दाबली, खट्‌कन बसली. मी बटण दाबलं.

एक छोटा टीट.

दाजी पडद्यासमोरच बसलेले, तरी विचारलं, "आलं का रे काही?"

"आलं," म्हटलं. "बसा, वाचून दाखवतो."